काचपेटीतली ओल

"नोकरी काय करता?" असं कोणी विचारलं की मी सांगतो, "ओल सांभाळतो." विचारणारा माझ्याकडे जरा निरखून बघतो आणि विषय बदलतो. पण खरं सांगायचं तर सात वर्षं मी तेच करतोय. ज्या जिल्ह्यात होळीनंतर ओठ फुटतात आणि धुतलेलं धोतर पिळून दोरीवर टाकेपर्यंत अर्धं वाळतं, तिथे दोन हात लांबीच्या काचेच्या पेटीत कोकणची हवा जिवंत ठेवायची.

आमचं गाव सरकारदरबारी उस्मानाबाद, आमच्या तोंडी धाराशिव. हैदराबादच्या विलीनीकरणानंतर दहाएक वर्षांनी इथल्या कॉलेजात विज्ञानाचे वर्ग सुरू झाले आणि प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मला परिचर म्हणून घेतलं. परिचर म्हणजे बरण्या पुसणारा, झुरळं पकडणारा, मुलांनी चिरलेले बेडूक उचलून पुरणारा. मी त्या कामाला कमी लेखत नव्हतो. निजामाच्या अमलात बार्शीकडून चोरून येणारी पत्रकं आमच्या घरी ज्वारीच्या कणगीत लपवलेली असत. मी वाचायला शिकलो ते त्या पत्रकांवर. त्यामुळे कुठलंही काम हलकं नसतं, हलकी असते ती वागणूक, हे मला बाराव्या वर्षीच पाठ होतं. 'ए, बेडूकवाल्या' अशी हाक मारणाऱ्या एका प्राध्यापकाला मी महिनाभर ओ दिली नाही. शेवटी तो नावाने हाक मारू लागला.

प्राणिशास्त्र शिकवणाऱ्या पाठक सरांवर मात्र अशी वेळ कधी आली नाही. ते पहिल्या दिवसापासून मला 'तुम्ही' म्हणत. बरणीतल्या मेलेल्या प्राण्यांवर शिकवायचा त्यांना मनापासून कंटाळा होता. एका भाद्रपदात ते सह्याद्रीच्या घाटात गेले आणि शेवाळं भरलेल्या पत्र्याच्या डब्यात पाच झाडबेडूक घेऊन परतले.

मी बेडूक जन्मभर पाहिले होते. आपले बेडूक मातकट, पोट सुटलेले, पाऊस संपला की जमिनीत गाडून घेणारे. हे वेगळेच होते. कोवळ्या केळीच्या पानासारखा रंग, बोटांना जोडणारा तांबूस पडदा, प्रत्येक बोटाच्या टोकाला बारीक चकती. त्या चकत्यांच्या जोरावर तो प्राणी उभ्या काचेवर चिकटून बसायचा. काचेच्या अलीकडून त्याच्या गळ्याची धडधड दिसायची. मी इतका वेळ बघत राहिलो की सरांनी खुर्ची आणून दिली.

"ह्यांची गंमत पुढच्या पावसाळ्यात," सर म्हणाले. "हे पाण्यात अंडी घालत नाहीत. पाण्यावर झुकलेल्या पानावर फेसाचं घरटं करतात. पाचसहा दिवसांनी त्यातून पिल्लं टपाटपा खाली पाण्यात पडतात. हे पुस्तकातल्या चित्रात नाही, आपल्या मुलांना इथे दिसलं पाहिजे. पण ते तुमच्यावर आहे. ह्यांना ओलसर हवा लागते. बेडूक पाणी कातडीने पितो आणि बराचसा श्वासही कातडीनेच घेतो. कातडी वाळली की संपलं."

पेटी जुन्या खिडकीच्या तावदानांची आणि सागवानी पट्ट्यांची होती. तळाशी कोळसा आणि विटांचे तुकडे, वर वाळू, माती, शेवाळं, एक अळूचं रोप, एक फांदी आणि फांदीखाली पाण्याची पसरट ताटली. पेटीच्या आत, समोरच्या काचेजवळ दोन तापमापकं शेजारी शेजारी लावली होती. त्यातल्या एकाच्या फुग्याला ओली मलमल गुंडाळलेली. हवा जितकी कोरडी तितकं मलमलीतलं पाणी भराभर उडतं आणि तो पारा खाली उतरतो. दोन पाऱ्यांत अंतर जास्त म्हणजे हवा कोरडी. अंतर मिटलं म्हणजे हवा ओलीचिंब. एवढं समजलं की माझा अर्धा धंदा समजला. उरलेला अर्धा समजायला मला एक बेडूक गमवावा लागला.

पहिल्या आठवड्यात त्या पाऱ्यांत आठ अंशांचं अंतर पडलं होतं. मी दिवसातून सहा वेळा पाणी शिंपडलं, तरी झाकणाच्या जाळीतून सारी ओल उडून जायची. सर चार दिवस बाहेरगावी होते. मी विचार केला, ओल जिथून जाते ती वाट बंद करावी. जाळी काढून वर काच ठेवली. फटी राहिल्या त्यांना कागद चिकटवले. खळ शिजवून कागद चिकटवण्यात माझा हात बसलेला होता. गावातली निम्मी पत्रकं मीच लावलेली. कपाटात जुनी उरलीसुरली पत्रकं पडली होती. त्यांच्याच पट्ट्या कापल्या आणि पेटीची एकूण एक फट बुजवली. 'जुलूम', 'एकजूट', 'जागे व्हा' असे शब्द पेटीभोवती आडवेतिडवे दिसत होते. संध्याकाळी दोन्ही पारे एका रेषेत आले. नोंदवहीत मी अभिमानाने अंतर लिहिलं, शून्य.

तिसऱ्या दिवशी एक बेडूक ताटलीशेजारी उताणा पडला होता. बाकीचे चार वरच्या काचेला तोंड लावून बसले होते. शेवाळ्यावर पांढरी बुरशी आली होती. पारे मात्र अजूनही एका रेषेत होते.

मेलेला बेडूक पुरायला मी फाटकाबाहेर गेलो. तिथे कडुलिंबाखाली गयाक्का तांबोळीण पानं विकायला बसायच्या. साठीच्या, काटक, कपाळावर मोठं गोंदण. कॉलेजातल्या सगळ्यांना, अगदी शिपायालाही, त्या 'मास्तर' म्हणत.

"मास्तर," त्यांनी हाक मारली, "हाताला कसला वास यायलाय? पान कोंडल्यावानी."

"बेडूक मेलाय."

"कशानं?"

"कळत नाही. ओल तर भरपूर होती."

"वलीनं कोन मरतंय? चला, बघू द्या."

मी नको म्हणणार होतो. विज्ञानाच्या खोलीत तांबोळणीचं काय काम, असं माझ्या मनात आलं, हे इथे कबूल करतो. वागणुकीबद्दल इतरांना सुनावणाऱ्या माणसाच्या मनात ते आलं. पण त्या चालूही लागल्या होत्या.

पेटीभोवती एक फेरी मारून त्यांनी चिकटवलेल्या कागदांवरून बोट फिरवलं. "हे कुनी केलं?"

"मी."

"लई निगुतीनं केलंय. मडं असंच बांदत्यात."

मग त्यांनी मला विचारलंसुद्धा नाही. नखाने एक पट्टी ओढली, काच सरकवली, आणि आतून जो भपका आला त्याने मीच मागे झालो.

"ऐका, मास्तर. पान दोन परीनं मरतं. सुकून मरतं, न्हायतर कोंडून मरतं. सुकल्यालं लगीच दिसतं. कोंडल्यालं दिसतं तवा येळ गेल्याली आसती. तुमी सुकायला भ्यालाव आन् कोंडून मारलाव."

"पण उघडं ठेवलं तर ओल उडते."

"उडू द्या की. उडाली तेवडी खालनं चढाया पायजे. वरनं शिपडून काय हुतंय? मी पानावर पानी मारत न्हाय. गोनपाट भिजवते, थेंब गळंना इतकं पिळते, तीन अंगानं लावते. चौथं अंग उगडं. करंडी वल्या वाळूवर. रोज समदी पानं खालवर करायची, डागी पान दिसलं की काडायचं. चैत्रात माजं पान धा दिस हिरवं ऱ्हातंय. तुमच्या त्या काचंच्या कांडीला इचारा."

त्या दुपारी मी पेटीच्या तीन बाजूंच्या काचा काढून तिथे गोणपाट ताणलं आणि त्याची खालची कड पाण्याच्या पन्हाळीत सोडली, म्हणजे ते वातीसारखं पाणी वर ओढत राहील. पेटी ओल्या वाळूच्या तबकात ठेवली. वर पुन्हा जाळी. समोरची बाजू मोकळी, तिथे वरच्या अर्ध्या भागात काचेऐवजी जाळी. रोज सकाळी कुजकं पान, मेलेला किडा, बुरशीचा ठिपका शोधून काढायचा. पाऱ्यांतलं अंतर दीड अंशावर येऊन थांबलं, आणि भर वैशाखातही दोनच्या पुढे गेलं नाही. चारही बेडूक तकतकीत हिरवे झाले.

सर परत आले, त्यांनी सगळं पाहिलं आणि म्हणाले, "उत्तम. पद्धत नोंदवहीत लिहा." मी लिहिलं: 'झाकण व आच्छादन यांत परिचराने सुधारणा केली.' गयाक्कांचं नाव लिहिलं नाही. विसरलो असं म्हणता आलं असतं, पण विसरलो नव्हतो.

त्या वर्षभरात पेटी बघायला नाना तऱ्हेची माणसं आली. एका गृहस्थांना बेडकाच्या डोक्यातला मणी बघायचा होता. मणी नसतो म्हटल्यावर, "तुम्ही काढून घेतला असणार," असं म्हणून ते गेले. भूमचे एक शेतकरी कोर्टाच्या तारखेला आले की पेटीसमोर तासभर बसायचे. बेडकांकडे बघायचेही नाहीत. "हितं डोळं निवत्यात," म्हणायचे. पण मला सर्वांत आवडले ते तेरखेड्याचे एक कारागीर. त्यांचा पुतण्या आमच्याकडे शिकत होता. फटाक्यांची दारू भरण्यात त्यांचा जन्म गेलेला. त्यांनी पेटी बघितली, पाऱ्यांची भानगड समजून घेतली आणि हसायलाच लागले.

"आमी जलमभर वल हाकलतो, आन् तुमी ती पाळताव. एका धंद्याचीच दोन टोकं म्हना की."

"तुम्हाला हवा ओली झाली हे कसं कळतं?"

"मिठाची पुडी टांगलेली आसती. मीठ पाझरलं की हात धुवून घरी. तुमचं मीठ पाझरलं तर तुमी खूस, आमचं पाझरलं तर चूल बंद." जाताना ते पेटीकडे बघून म्हणाले, "ह्या जितराबास्नी आमच्या गावाकडं आनू नका. एका दिवसात पापड हुतील."

आता त्या पावसाळ्याबद्दल. मृग कोरडा गेला, आर्द्रा कोरडी गेली. गावातले आड एकामागून एक आटले आणि कॉलेजमागची विहीर वस्तीला खुली केली. पहाटेपासून घागरींची रांग लागायची. त्यातच धोंडीची चर्चा सुरू झाली. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: पाऊस ओढ देतो तेव्हा आमच्याकडे मुसळाला लिंबाचा पाला बांधतात, त्यात बेडूक बांधतात, आणि बाया गाणी म्हणत दारोदार फिरतात. प्रत्येक घर त्या बेडकावर तांब्याभर पाणी ओततं. पाऊस यावा म्हणून.

माझं डोकं तापलं. मी एका रात्रीत पत्रक लिहिलं आणि कॉलेजच्या यंत्रावर प्रती काढल्या. 'ज्या गावाला प्यायला पाणी नाही, ते गाव बेडकाला आंघोळ घालते,' अशी त्याची सुरुवात होती. शेवट याहून जहाल होता. चावडीवर लावलं, विहिरीच्या थारोळ्यावर, म्हणजे कडेच्या दगडी हौदावर लावलं, गयाक्कांच्या लिंबावरही लावलं. त्यांना वाचता येत नव्हतं. कोणीतरी वाचून दाखवलं. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्या त्याच कागदात चुना बांधून देत होत्या.

"कागद लई चांगला हाय, मास्तर," त्या म्हणाल्या. "चुना पाझरत न्हाय."

त्याच आठवड्यात एका सकाळी पेटीत ताटलीवर झुकलेल्या अळूच्या पानाखाली मुठीएवढा पांढराशुभ्र फेस दिसला. नुकत्याच काढलेल्या धारेवर येतो तसा. पाठक सर बातमी ऐकून अनवाणीच धावत आले. वाकून त्यांनी फेस सगळ्या बाजूंनी पाहिला. नंतर चष्मा पुसत म्हणाले, "मला आज औरंगाबादला जावंच लागणार आहे. पाच दिवस. मुलांना सांगून ठेवा, आठवड्याच्या शेवटी पिल्लं पडतील. तेवढं सांभाळा." त्यांनी वर्षभर ज्याची वाट पाहिली ते माझ्या हाती देऊन ते मोटारीच्या अड्ड्याकडे निघाले.

फेस वरून थोडा घट्ट होतो, आत ओला राहतो, त्या ओलीत अंडी वाढतात. ओल गेली तर वरचा पापुद्रा कडक होऊन आतलं सगळं अडकतं. ताटलीत घालायला मागच्या वर्षी बरण्यांत साठवलेलं पावसाचं पाणी होतं. शेवटची बरणी मी त्या दिवशी ओतली. गोणपाटाला आणि वाळूला मात्र रोज दोन घागरी विहिरीचं पाणी लागायचं. टंचाई म्हणून प्राचार्यांनी प्रयोगशाळेला एक घागर ठरवून दिली होती.

तिसऱ्या दिवशी मी घागर घेऊन विहिरीवर गेलो. रांगेतली एक बाई म्हणाली, "सरका गं, बेडकाची घागर आधी भरू द्या." बाकीच्या हसल्या नाहीत. एकीने खरोखरच वाट करून दिली. तिच्या कडेवर मूल होतं आणि हंडा रिकामा होता. समोर थारोळ्यावर माझंच पत्रक चिकटवलेलं होतं.

मी रिकामी घागर घेऊन परत आलो. प्राचार्यांचा हुकूम होता, हक्क होता, पण मी ते पाणी घेतलं नाही. घरून माझ्या वाटणीचा तांब्या आणला. गोणपाटाने तो एका घोटात गिळला. चौथ्या दिवशी पाऱ्यांत चार अंशांचं अंतर पडलं. पाचव्या दिवशी सकाळी सहा. फेसाच्या कडा पिवळट पडून पापडासारख्या उचलू लागल्या. मी समोर बसून होतो. माझं तत्त्व शाबूत होतं आणि सरांचं घरटं माझ्या डोळ्यांपुढे वाळत होतं.

त्या दुपारी दारात गयाक्का उभ्या राहिल्या. मागे चार बाया, एकीच्या खांद्यावर मुसळ, मुसळाला लिंबाचा पाला.

"मास्तर, एक बेडूक द्या. यंदा भुई इतकी तापलीया की कुटं बेडूकच घावंना. साऱ्या गावात तुमच्याकडंच हाईत."

"गयाक्का, मी काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत आहे."

"हाय की. रोज त्यात चुना बांदते."

"बेडूक बांधून पाऊस येत नाही. आणि प्यायच्या पाण्याची अशी नासाडी मी होऊ देणार नाही."

"आन् तुमी वरीसभर काय करायलाव?" त्यांचा आवाज चढला नाही. "बेडकावर पानीच घालताव न्हवं? आमी वरसातनं एकदा घालतो, तुमी रोज. आमचं तेवडं खुळ."

मागच्या बायांमधली एक तोंडाला पदर लावून हसली. माझ्याकडे उत्तर होतं. विज्ञान, विद्यार्थी, अभ्यास. पण तोवर गयाक्का पेटीजवळ गेल्या होत्या. त्यांनी गोणपाटाला हात लावला. मग वाकून आत बघितलं.

"वाळलंय की समदं. आन् हे पांढरं काय?"

"घरटं. आत अंडी आहेत. दोन दिवसांत पिल्लं पडायला हवीत. पडतील असं वाटत नाही."

"पानी का न्हाय घातलं?"

"विहिरीवर बाया उभ्या आहेत, गयाक्का. बेडकासाठी पाणी कसं मागू?"

 गयाक्का मागे वळून बायांना म्हणाल्या, "ऐकलं का गं? ह्यास्नी बेडकासाटी पानी मागाया लाज वाटतीया." आणि मला म्हणाल्या, "मास्तर, आमी दुसरं काय मागाया निगालोत?"

त्यांनी बेडूक नेला नाही. लेकुरवाळ्या घरातून कोणाला बांधून न्यायचं नसतं, एवढंच म्हणाल्या. मुसळ नुसत्याच पाल्यानिशी गावात फिरलं. दारोदार सांगितलं गेलं की यंदाची धोंडी कॉलेजात आहे, पाणी तिथं आणून ओतायचं. तासाभरात प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात तांबे घेतलेल्या बायांची रांग लागली. विहिरीवर मला वाट करून देणारीही त्यात होती. त्या गात होत्या आणि गयाक्का गाण्याच्या मधेच हुकूम सोडत होत्या.

"पेटीवर वतू नको, गोनपाटावर. तू खाली, वाळूत. काचंला हात लावायचा न्हाय, त्याच्या कांड्या बिगडत्यात. हळू गं, वाडग्यात पीठ भिजवतीस तसं."

एकीने हळदकुंकू आणलं होतं. मी म्हणालो, काचेवर नको, पारा दिसणार नाही. तिने समजूतदारपणे टेबलाच्या पायाला लावलं. ते अजून तिथे आहे. मी पुसलेलं नाही.

संध्याकाळी पाऱ्यांत अर्ध्या अंशाचं अंतर होतं. पेटीची चौथी बाजू उघडीच होती.

सातव्या दिवशी, पाठक सर परत आले त्या सकाळी, वर्गातली सगळी मुलं दाटीने उभी असताना फेस खालून मऊ पडला आणि त्यातून काळ्या तिळासारखी पिल्लं एकेक करून ताटलीत पडू लागली. सर मोजायला लागले आणि मधेच मोजणं सोडून नुसते बघत राहिले. व्हरांड्याच्या खिडकीतून बायाही बघत होत्या. "गारा पडल्यावानी पडायल्यात," कोणीतरी म्हणालं.

पाऊस त्यानंतर बऱ्याच दिवसांनी आला, आणि तो धोंडीमुळे आला असं मी मानत नाही. तेव्हाही मानलं नाही, आजही नाही. ते पत्रक मी पुन्हा लिहीन. फक्त पहिलं वाक्य दुसरं लिहीन.

सरांनी नोंदवही मागितली. पाचव्या दिवसाच्या ओळीत सकाळचं अंतर सहा आणि संध्याकाळचं अर्धा अंश होतं. शेजारी 'कारण' असा रकाना असतो. मी लिहिलं होतं: 'धोंडीचं पाणी. गयाक्का तांबोळीण व वस्तीतल्या बाया यांनी ओतलं.' सरांनी ते दोनदा वाचलं, पण खोडलं नाही. तेव्हा मी मागची पानं उलटली, 'परिचराने सुधारणा केली' ही ओळ दाखवली आणि त्यांना सांगितलं की ती खोटी आहे.

"मग खरी लिहा," ते म्हणाले.

मी ओळ खोडून गयाक्कांचं नाव आणि त्यांची पद्धत लिहिली, आणि वही घेऊन लिंबाखाली गेलो. त्या पानं खालवर करत होत्या. मी वाचून दाखवलं: गोणपाट, तीन बाजू, ओली वाळू, रोज डागी पान काढणं, हवेतली आर्द्रता स्थिर राहणं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं.

"आन् चौथं अंग उगडं ठिवायचं, ते लिवलाव का?"

मी वही बघितली. ते लिहिलंच नव्हतं.

"मास्तर, तेवडंच तर सांगितलं हुतं," गयाक्का म्हणाल्या, आणि एक डागी पान काढून बाजूला टाकलं.

मी तिथेच त्यांच्या करंडीवर वही टेकवून ती ओळ लिहिली.